दादाची कवळी वेळेवर का पोचली नाही

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. माझ्या दोन गुडघ्यांपैकी डावा अजून वाकतो, उजवा नुसतं ऐकून घेतो.) तुझ्या खुब्याचं हाड कसं आहे? डॉक्टरांनी सहा आठवडे पलंग सोडू नका म्हणून बजावलं आणि तू चौथ्या दिवशी भिंत धरून स्वयंपाकघरात जाऊन आलीस, असं सूनबाईने कळवलं. (तिने कळवलं हे तिला कळू देऊ नकोस.) ताई, पडून राहा. आपण तिघं होतो, आता दोघं उरलो. त्यातल्या एकीने ओट्यावरचं दूध उतू जातंय म्हणून पुन्हा हाड मोडून घेऊ नये, एवढंच माझं मागणं.

तू विचारलंस की दादा गेला तेव्हा मी जवळ का नव्हतो, आणि काही न गाळता लिही असंही बजावलंस. तर लिहितो.

वहिनींचा फोन आला तो आदल्या शनिवारी. दादाला छातीच्या दुखण्यासाठी दवाखान्यात ठेवलं होतं हे तुला ठाऊकच आहे. पण दुखण्यापेक्षा मोठी आपत्ती तिथे कोसळली. जेवताना त्याने कवळी काढून कागदी रुमालात गुंडाळून ताटात ठेवली आणि ताटं गोळा करणाऱ्या बाईंनी ती रुमालासकट कचऱ्यात टाकली. झालं. दादाने बोलणंच बंद केलं. उभा जन्म पोरांना व्याकरण शिकवलेला माणूस तो. दातांशिवाय त, थ, द, ध, न म्हणणं ही भाषेची फसवणूक आहे, असं त्याने पाटीवर लिहून दाखवलं म्हणे. (पाटी त्याने घरून मागवली होती. खडूसुद्धा स्वतःचा.) डॉक्टर विचारत, आज कसं वाटतंय, तर हा पाटीवर लिही, 'बरे.' भिंतीवर 'शांतता राखा' या फलकात कोणी शांततेचा अनुस्वार खाल्ला होता, तो मात्र उठून भरून आला. छातीला सहा तारा चिकटवलेल्या असताना. मग त्याने पाटीवर लिहिलं, 'धाकट्याला सांग. साचा त्याच्याकडे आहे.'

आता तू मनात म्हणशील, दादाने? धाकट्याला? आमचं सहा वर्षं बोलणं नव्हतं ते एका वेलांटीवरून, हे तू चारचौघांत हसत सांगतेस. सांग बापडी. पण ती वेलांटी माझ्या दुकानाच्या पाटीवरची होती. 'कृत्रीम दात व कवळ्या' अशी मी हौसेने रंगवून घेतलेली पाटी, आणि दादा तीन गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "कृत्रिम ऱ्हस्व. लोकांच्या तोंडात घालायच्या वस्तू करतोस, निदान पाटी तरी शुद्ध ठेव." मी म्हणालो, "ज्या दातांनी माझी चूक काढतोयस ना, ते दात मी केलेत." गिऱ्हाइकं हसली. दादा हसला नाही. छत्री उचलली आणि गेला. तेव्हापासून सहा वर्षं माझ्याच दातांनी तो साऱ्या जगाशी बोलला, फक्त माझ्याशी नाही.

तर मी साचा काढला. सहा वर्षांत माणसाच्या हिरड्या आवळतात, म्हणून कुठे किती कमी करायचं ते अंदाजाने ठरवत बसलो. कवळीचं काम घाईचं नसतं, हे तुला सांगायला नको. शेवटी शुक्रवारी सकाळी नऊच्या गाडीने निघालो. कवळी पाण्यात भिजत ठेवावी लागते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पाणी घालून मांडीवर घेतली. संध्याकाळी पाचला पोचायचं होतं.

एक वाजेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग आभाळ असं काळवंडलं की डब्यातल्या माणसांना एकमेकांचे चेहरे दिसेनात. आधी वारा आला. मग छतावर कोणी खडीचे ट्रक रिकामे करावेत तशा गारा. गाडी चालता चालता हेलकावे खाऊ लागली. समोर एक विमेवाला बसला होता (गोल, पांढरा शर्ट, प्रत्येक गोष्टीवर मत). त्याने सगळ्यांना समजावलं की वादळ हे दैवी आपत्तीत मोडतं आणि त्यात दोष कोणाचाच नसतो. तेवढ्यात मागे कुठेतरी कडकड आवाज झाला, पंखे थांबले, दिवे गेले, आणि गाडी सरपटत सरपटत एका आडस्टेशनात येऊन जी उभी राहिली ती राहिलीच.

तिथला स्टेशनमास्तर हडकुळा, मफलर गुंडाळलेला. हातात कर्णा. दर अर्ध्या तासाने फलाटावरून जायचा आणि गाडी थोड्याच वेळात सुटेल असं सांगायचा. फलाटाचं पत्र्याचं छप्पर त्याच्या देखत उडून पलीकडच्या शेतात पडलं तेव्हासुद्धा त्याने तेच सांगितलं. चार वाजता मात्र त्याने कर्णा खाली ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाला, "मागे तारांवर झाड पडलंय. पुढे रुळाखालची माती वाहून गेलीय. उद्यापर्यंत काही होणार नाही. आता मला विचारू नका, मी पण घरी जाऊ शकत नाहीये." लोकांनी त्याला शिव्या द्यायच्या तर उलट पाणी विचारलं.

मी स्टेशनातून वहिनींना फोन लावला. तारा पडलेल्या, फोन कसला लागतो! मास्तरने आपल्या यंत्रावरून पुढच्या स्टेशनला निरोप दिला आणि तिथून दवाखान्यात कळवायला सांगितलं. (तो निरोप पोचला, हे मला नंतर कळलं.)

भूक लागली तसं डब्याचं एक गाव झालं. गावाच्या सरपंच एक मोजणीवाल्या बाई होत्या. जमिनी मोजतात, तिपाई आणि पितळी दुर्बीण घेऊन निघाल्या होत्या. त्यांनी हुकूम काढला की ज्याच्याकडे जे खायचं असेल ते मधल्या बाकावर ठेवावं, समान वाटणी होईल. केळी आली, बिस्किटं आली, कोणाची उकडलेली अंडी आली. मी डबा मांडीवर घट्ट धरून बसलेलो. विमेवाल्याची नजर त्याच्यावर सकाळपासून होती. डबा हलला की आत चुबुक चुबुक वाजायचं, त्यावरून त्याने ताडलं होतं की आत काहीतरी रसदार आहे. "आजोबा, एकट्याने खाऊन पोटात दुखतं हो," म्हणाला, आणि मी नाही नाही म्हणेतो डबा ओढून झाकण उघडलं.

ताई, वरची आणि खालची, अठ्ठावीस दात, गुलाबी हिरड्या, पाण्यातून त्याच्याकडे बघून हसतायत. त्याच्या हातातलं बिस्किट पाण्यात पडलं. मग मोजणीवाल्या बाईंना हसू फुटलं, आणि मग सगळा डबा हसायला लागला. उपाशी, भिजलेली, अडकलेली माणसं, पोट धरधरून. मीही हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. दादाला सांगायला ही गोष्ट काय नामी आहे, असंच तेव्हा माझ्या मनात आलं. सहा वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलावं याची मला चिंता लागली होती, ती मिटली असं वाटलं.

हसणं ओसरल्यावर विमेवाल्याने ओशाळून विचारलं, दात कोणाचे? मी सांगितलं. मग कोणी हसलं नाही. त्याने स्वतः जाऊन, पावसात, डब्यातलं बिस्किट काढून ताजं पाणी भरून आणलं. आणि मोजणीवाल्या बाई उतरून मास्तरकडे गेल्या त्या तासाभराने आल्या. रूळ तपासणाऱ्या लोकांची ढकलगाडी पहाट फुटताच तुटलेल्या जागेपर्यंत जाणार होती. एका म्हाताऱ्याला त्यावर बसवणं नियमात बसत नाही, असं मास्तर म्हणाला होता. त्यावर बाई काय म्हणाल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण उजाडता उजाडता मी ढकलगाडीवर होतो.

चार चाकं, वर एक फळी, फळीवर मी, मांडीवर डबा. चार माणसं रुळांवरून अनवाणी पळत ढकलतायत आणि उतार आला की टुणकन मागे चढून बसतायत. पाऊस थांबला होता. दोन्ही बाजूंना झाडं अशी आडवी, जणू कोणी केस विंचरलेत. माती वाहून गेलेल्या जागी रूळ हवेत लोंबकळत होते. तिथून त्यांनी मला दोन्ही बाजूंनी धरून चिखलातून पलीकडे नेलं. उजवा बूट तिथेच राहिला. (त्या चिखलाला माझ्या बुटाचं काय कौतुक, देव जाणे.) पलीकडे मदतीची गाडी उभी होती. साडेदहाला मी दवाखान्याच्या पायऱ्या चढलो, एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा.

वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "भावोजी, सव्वासहाला."

बस, एवढंच म्हणाल्या.

सव्वासहाला मी ढकलगाडीवर होतो, ताई. गार वारा लागत होता आणि मला बरं वाटत होतं. हे गाळू नको म्हणालीस म्हणून लिहिलं.

त्याचं तोंड आत गेलेलं होतं. दादा वाटतच नव्हता, भलताच कोणी म्हातारा. मी परिचारिकेला विचारलं, घालू का? ती दादाच्या पाटीवरून आठवडाभर बोलणी खाल्लेली मुलगी. (तिच्या नोंदवहीतल्या चुका तो रोज काढायचा.) तिने दार लोटून घेतलं आणि त्याची हनुवटी धरली. वरची बसवली. खालची बसवली. चपखल बसली. एवढ्या वर्षांच्या धंद्यात पहिल्या खेपेला चपखल बसलेली ही एकच कवळी. गिऱ्हाईक नेहमी म्हणतं, इथे टोचतंय, तिथे हलतंय. दादा काही म्हणाला नाही. मी तरी थोडा वेळ वाट पाहिली.

मग गाल वर आले, ओठ जागेवर आले, आणि तो दादा झाला. अगदी आपला. आता चूक काढणार असा.

वहिनींनी पाटी दाखवली. माझा निरोप रात्री पोचल्यावर त्याने दोनदा विचारलं होतं, 'गाडी कुठवर आली?' दोन्हीदा त्यांनी सांगितलं, वादळ आहे, अडकलीय. शेवटचं जे लिहिलं ते त्यांनी पुसलेलं नाही. 'त्याला कोणी बोलू नका. दोष वादळाचा आहे.' अक्षर थोडं खाली घसरलेलं, पण एकही चूक नाही.

येईल-जाईल त्याला वहिनी ती पाटी दाखवतात आणि म्हणतात, दोघं भाऊ भेटले असते हो, वादळ आडवं आलं. एवढं म्हटलं की त्यांना जरा बरं वाटतं. मी शेजारी मान हलवत बसतो. तर असा हा वृत्तांत. औषधं वेळेवर घे. सूनबाईला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. बूट मिळाला. मोजणीवाल्या बाईंनी धुऊन पार्सलने पाठवला, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून, आकार जाऊ नये म्हणून. सोबत चिठ्ठी होती, 'भावाला दात बसले का?' त्यांना मी 'चपखल' एवढंच कळवलं.

ता. क. दुसरा. काही गाळू नकोस म्हणालीस आणि मी गाळलं. कवळी मंगळवारीच तयार झाली होती, ताई. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी आभाळ निरभ्र होतं आणि नऊची गाडी रोज नऊला सुटत होती. मी दुकानात फोनजवळ बसून राहिलो. निरोप वहिनींकडून आला होता. मला वाटलं, सहा वर्षांनी एकदा तरी त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, ये. दात नसलेल्या माणसाच्या फोनची मी तीन दिवस वाट पाहिली.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर यासाठीच. हे वहिनींना सांगू का? सांगितलं तर त्यांच्याकडे पाटीवर लिहिलेलं एक वाक्य आहे, तेही खोटं ठरेल. नाही सांगितलं तर दर वेळी मला मान हलवावी लागेल. तू थोरली, तू म्हणशील ते करीन. मात्र फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर तू विचारलंस तर मी पुन्हा वादळच सांगेन.