मुंबई ते लंडन, दहा तास

९ सप्टेंबर, बुधवार

किळस आली आज. भवानीनगरच्या चौकात भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, फ्लेक्स लावलाय. "मुंबई ते लंडन, सात हजार दोनशे किलोमीटर! अवघ्या दहा तासांत गगनभरारी!" शिकायला निघालेली माझी स्वाती खाली, एवढीशी. वर हात जोडलेले भाऊजी, तिच्या चौपट. बाजूला त्यांच्या दोस्तांची अकरा तोंडं, मोजली मी. हे कोपऱ्यात आहेत. मी कुठंच नाही.

नसू दे. पण सात हजार दोनशे? बारावीनंतर हाच माणूस आमच्या ओट्यावर बसून म्हणाला होता, "बारामती लांब पडंल पोरीला." वीस किलोमीटर बारामती! मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा कुठं एसटीचा पास निघाला.

संध्याकाळी सत्कार. फेटा बांधून भाऊजी माईकवरून तिला विचारतात, "दहा तास एकटी बसशील का गं?"

स्वाती म्हणाली, "काका, बारामतीच्या एसटीत तीन वर्षं उभ्यानं गेलेय."

लोक हसले. भाऊजीपण हसले! लाज म्हणून नाहीच का काही?

घरी आल्यावर मुंबईला कोण जाणार ते ठरलं. भाऊजींची गाडी. त्यात ते, त्यांचे दोन दोस्त, हे आणि स्वाती. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, तुमी कशाला दगदग करताय? मुंबई लांब पडंल तुमाला."

परत तेच. लांब पडंल.

हे पान मी त्याच गाडीत, पुढच्या सीटवर बसून लिहितेय. निघायला अजून वेळ आहे. किल्ली माझ्याकडं आहे.