नाटक बघून आई बोलली

तीर्थपुरी,
२१ जानेवारी २०२५

लाडक्या अर्पिताताईस,
साधनाची घट्ट मिठी. इकडं सगळे बरे. नाशिकला थंडी फार असेल, स्वेटर घालतेस ना? फोनवर घरचा विषय निघाला की तू ठेवून देतेस, म्हणून लिहून राह्यले.

ताई, आमच्या कॉलेजच्या एकांकिकेला जालन्यात पहिला नंबर मिळाला! पडदा पडला तरी लोक टाळ्या वाजवूनच राह्यलेते! लिहिली माझ्या मैत्रिणीनं, शीतलनं. त्यातली पोरगी मी झाल्ते. सणाला काका आला की ती गोठ्यात लपते. घरचे म्हणतात, हट्टी आहे. शेवटी ती भर पंगतीत सांगते, काका माझ्यासोबत काय करतो. तिची आई तिच्या तोंडावर हात ठेवते. मी तो हात बाजूला केला, आणि पुढचं अजून मोठ्यानं बोलले!

आपली आई आल्ती बघायला. तिला विषय सांगितला न्हवता. परतताना अंबड गेलं. मंग एकदम म्हणाली, "शीतलला हे कुणी सांगितलं?"
"मी."
"अर्पिताचं?"
"माझं पण."

ताई, तुला हे कधी सांगितलं न्हाई. तू शिकायला गेलीस आणि कल्याणमामा माझ्या मागं लागला. तुला कळलं असतं तर तू शिक्षण सोडून आली असतीस. यात तुझा काडीचाही दोष न्हाई. हे दोनदा वाच, मंग पुढं जा.

दुसऱ्या दिवशी मामा पेढे घेऊन आला, भाचीचा नंबर आला म्हणून! आईनं दारातच अडवलं.
"कल्याण, माझ्या दोन्ही पोरींना तू हात लावला. भाऊ म्हणून मी अर्पिताला चूप बसवलं. आता कुणीच चूप बसणार न्हाई. निघ."
शेजारच्या गिरिजाबाईंनाही ऐकू गेलं असेल इतक्या मोठ्यानं!
"नाटक बघून डोकं फिरलं तुझं," मामा म्हणाला.
"फिरलं न्हाई, ठिकाणावर आलं."
अप्पा ओसरीवर बसलेते. त्यांना तोपर्यंत काहीच माहीत न्हवतं. ते उठले, मामाला बाहेर काढलं आणि फाटक लावलं. मंग तिथंच उभे राहून रडले.

शुक्रवारी आम्ही तिघं वकीलबाईंकडं जाणार. तक्रारीत तुझं नाव घ्यायचं का न्हाई, ते तूच ठरव. आईला तुझ्यासमोर येऊन माफी मागायचीय. मी म्हणाले, ताईनं बोलावलं तरच. आणि न्हाई बोलावलं, तरी तिचं बराबर आहे. आईनं मान डोलावली.

पुढच्या महिन्यात संभाजीनगरला प्रयोग आहे. येशील? दाराजवळची खुर्ची धरते, वाटलं तर उठून जाता येईल.

तुझी धाकटी, आता मोठ्यानं बोलणारी,
साधना