काटे तपासून घेतले

१ डिसेंबर, सोमवार

सुमनला आज काढलं. कागदावर त्याला 'करार समाप्ती' म्हणतात. म्हणोत बापडे. मी काढलं.

फुलंब्रीकडच्या धनगरवस्तीवर तीन वर्षं आमच्या संस्थेची गावताई होती. वस्तीवरच्या लेकरांची वजनं करायची, मोबाईलमध्ये भरायची, बारीक दिसेल त्याला दवाखान्यात पोचवायचं. ऑक्टोबरपासून एकेका पोराची दोन-दोन वजनं लिहीत होती. मोबाईलात एक, वहीत पेन्सिलीनं दुसरं. सुपरवायझरची तक्रार आली. दोन नोटिसा दिल्या, तिसऱ्याला घरी. नियम परदेशातल्या देणगीदारांचा, सही माझी.

पत्र इंग्रजीतच असतं, वरून नमुना आलाय. 'नोंदींमध्ये फेरफार' असं त्यात आहे. म्हणजे दुसरी कुठली संस्थाही हिला आता दारात उभी करणार नाही.

सुमननं पत्र उलटंपालटं करून पाहिलं. "ताई, काय लिवलंय ह्यात?"

"काम संपलं असं लिहिलंय."

"बरं. सही कुठं करू?"

तीन ठिकाणी केली. मोबाईल, पिशवी, वही टेबलावर ठेवली आणि एसटी चुकेल म्हणून पाणी पण न पिता गेली. तोंडावर खोटं बोलले मी. का बोलले? भांडेल म्हणून भ्याले, दुसरं काय.

२ डिसें., मंगळ.

तिची वही कपाटात टाकायची म्हणून उचलली आणि तासभर घेऊनच बसले.

पेन्सिलीच्या आकड्यापुढं बारीक अक्षरात 'वाण्याचा काटा' लिहिलंय. म्हणजे वस्तीवरून पोरं उचलून फाट्यावरच्या किराणा दुकानात नेऊन वजन करायची ही. दर महिन्याला. बावीस पोरं.

आणि फरक सगळीकडं सारखाच. आमचा काटा जे सांगतो त्याच्यापेक्षा वाण्याचा नऊशे ग्रॅम कमी. मोठं पोर असो की तान्हं, नऊशे. कुणी मनानं आकडे ठोकले तर इतके सारखे ठोकेल का?

हे नवे काटे मीच घेतलेत. आमच्या ऑफिसात खरेदीचं टेबल आणि माणसांचं टेबल एकच आहे, माझं. माणसांच्या खात्यातल्या बाई गेल्या, जागा भरलीच नाही, 'तोपर्यंत शैला मॅडम बघतील' झालं. ते तोपर्यंत दोन वर्षं चाललंय.

४ डिसें., गुरु.

मुकुंदवाडीतल्या आमच्या किराणावाल्याकडून पाच किलोचं शिक्क्याचं माप मागून आणलं. "काय ताई, दुकान टाकताय का?" म्हणाला. हसले उगीच.

स्टोअरमध्ये तीन काटे शिल्लक होते. दार लावून घेतलं. प्लॅस्टिकची टोपली ठेवली, शून्य दाखवलं. माप ठेवलं, पाच किलो नऊशे. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच.

नुसत्या टोपलीला शून्य दाखवतो मेला, आणि आत वजन पडलं की टोपली पण मोजतो. म्हणजे आम्ही दोन महिने लेकरासोबत टोपलीचं वजन भरतोय. साडेपाच किलोचं पोर मोबाईलात सहा-चारशे. लाल खुणेतलं पोर हिरव्यात. हिरवं म्हणजे ठीक, घरी पाठवा.

जमिनीवर बसले. पाच किलोचं माप मांडीवर घेऊन, येड्यासारखी.

५ डिसें.

लिहून टाकते, नायतर इथंही सारवासारव करीन.

काटे आले खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. बक्कळ खोकी, चाळीस काटे. नियम असा की प्रत्येक काटा उघडून मापानं तपासायचा, मग 'तपासून घेतले' वर सही. खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या अवजारांची पूजा, गाड्या, कॉम्प्युटर, प्रिंटर. सगळे म्हणाले, नवे काटे पण मांडू, लेकरांचं काम आहे. हॉलमध्ये ओळीनं मांडले. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. फोटो निघाले, तेच फोटो परदेशी पाठवले. पूजा झाल्यावर त्या दिवशी अवजाराला हात लावत नाहीत. आणि पावती त्याच दिवशी वर जायला हवी होती. मी चाळीसही ओळींवर सह्या केल्या. तपासून घेतले, तपासून घेतले, तपासून घेतले. प्रसादाचा पेढा तोंडात होता.

दसऱ्यानंतर बघू म्हटलं होतं. दसऱ्यानंतर माल गावोगाव गेलाही.

८ डिसें., सोम.

साळुंके सरांना सांगितलं. ऑफिसचे प्रमुख, शेवटी त्यांनाच सांगायचं. माप नेलं होतं, समोर वजन करून दाखवलं. सरांनी आकडा पाहिला. मग दार लावलं.

"पुढच्या सोमवारी पाहुणे येतायत. परदेशातून. पुढच्या तीन वर्षांच्या पैशाचं त्यांनी ठरवायचंय. ते जाऊ द्या, मग बदलू."

"सर, काटे रोज वापरात आहेत."

"आणि इथं चाळीस माणसं पगारावर आहेत. त्यांचं काय?" मग आवाज खाली आणून, "पावतीवर सही कुणाची आहे, मॅडम?"

माणूस वाईट नाही. आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा माझा करार संपत होता, सरांनी शब्द टाकून वाढवून घेतला होता. ते आठवलं. "बघते सर" म्हणून बाहेर आले.

सुमनचं विचारायचं राहिलंच. खरं म्हणजे राहिलं नाही, धीर झाला नाही.

९ डिसें.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "गप्प बस असं मी म्हणणार नाय. पण पोरीचं बारावीचं वर्ष आहे एवढं डोक्यात ठेव." म्हणजे गप्प बसच की. मी चिडले, ताट आपटलं. मग मलाच लाज वाटली. ते पैठणच्या बाजूला काम बघायला गेले होते, तिथूनही नकारच घेऊन आले होते.

११ डिसें., गुरु.

धनगरवस्तीवरची रेणू घाटी दवाखान्यात भरती. आठ महिन्यांची. सुपरवायझरचा फोन आला, "मॅडम, आपल्याकडं तर हिरव्यात आहे पोरगी." मोबाईलात सहा किलो चारशे. सुमनच्या वहीत पेन्सिलीनं साडेपाच, आणि पुढं 'दवाखाना!' असं. ती वही मीच कपाटात टाकली.

दुपारी गेले. वऱ्हांड्यात सुमन बसली होती, रेणूच्या आईजवळ. हिला कामावरून काढून दहा दिवस झाले, तरी पोर घेऊन हीच आली. दोन दिवस जुलाब, दूध ओढत नव्हती, रात्रीतून डोळे पांढरे केले. मी खिडकीतून पाहिलं. हाताला सुई, त्यावर पट्टी, आणि पट्टीच हाताएवढी.

सुमन उठली नाही. "तुमी कशाला आलात?"

"बघायला."

"बघा."

डॉक्टर म्हणाले, आठ दिवस सांगता येणार नाही.

रिक्षात तोंडावर पदर घेऊन रडले. रिक्षावाला म्हणाला, "सब ठीक होगा, बाजी." व्हय बाबा.

१२ डिसें., शुक्र.

सकाळी साडेनऊला सगळ्या गावतायांना मेसेज टाकला. 'नवा काटा आजपासून बंद. प्रत्येक लेकराचं वजन दुसऱ्या काट्यावर पुन्हा करा. आधी हिरव्यातली पोरं.' खाली माझं नाव. सरांना विचारलं नाही. दोनदा चुकीचं टाईप झालं.

दहाला सरांचा फोन. "काय केलंत हे?"

"काटे बंद केले."

"मॅडम, सोमवारी ते विचारतील ना, का बंद केले. काय सांगू मी? तुम्हीच सांगा, काय सांगू?" ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "कंपनीकडून बिघडलेला माल आला, असं सांगू. तुमची सही मधे आणायची गरज नाही. सुमनला परत घ्या हवं तर. पत्र काढा, मी सही करतो."

सुटले असं वाटलं. लिहिते कारण खरं आहे. जीव भांड्यात पडला आणि संध्याकाळी जेवले पण नीट.

संध्याकाळपर्यंत अकरा पोरं हिरव्यातून लालमध्ये. अजून निम्मी गावं बाकी.

१४ डिसें., रविवार

सुमनचं पत्र घेऊन वस्तीवर गेले. ह्या वेळी मराठीत, मी स्वतः लिहिलेलं. सुमन मेंढ्यांच्या वाड्याला काट्या लावत होती. रेणूचं विचारलं. "हाय. दूध घेतीया थोडं. डाक्तर अजून काय बोलत नाय."

हात पदराला पुसले, कागद घेतला नाही. "वाचा तुमीच."

वाचलं. 'प्रकल्पाच्या नोंदींमध्ये आढळलेल्या तांत्रिक त्रुटीमुळे आपला करार समाप्त करण्यात आला होता. सदर निर्णय मागे घेण्यात येत असून आपणांस पूर्ववत...'

"तुर्टी म्हंजी?"

"त्रुटी. चूक."

"कुणाची?"

मी कागद पुन्हा वरून वाचला. जणू तिथं सापडणार होतं.

"त्यो आधीचा कागद मी मास्तरांकडून वाचून घेतला," सुमन म्हणाली. "तुमी म्हणला व्हता काम संपलं. मास्तर म्हणले, बाई, तू खोटं लिवलं असं लिवलंय. त्यात माझं नाव चार बारी व्हतं. चार बारी. समद्या वस्तीनं ऐकलं." काटी उचलून कुंपणात खोचली. "मी चुकले तवा नाव व्हतं. आता चुकीला नावच नाय. लई मजाय तुमची, ताई."

"तू कामावर ये, सुमन. बाकीचं मी..."

"पोरं मी मोजतेच की. कवा थांबले? ह्यो कागद घेऊन जा."

घेऊन आले. एसटीत मांडीवर होता. घडी पडू नये म्हणून सरळ धरला होता, कशासाठी ते मलाच माहीत नाही.

घरी आल्यावर कोरा कागद घेतला. तीन वाजल्यापासून एकच वाक्य लिहून झालंय. 'सर्व काटे मी एकही न तपासता ताब्यात घेतले आणि ते बरोबर आहेत असं धरून सुमनला खोटं ठरवलं.' खाली पूर्ण नाव लिहिलं. पाहुण्यांसाठी एक प्रत, वस्तीवरच्या मास्तरांसाठी एक.

लेक येऊन विचारून गेली, "आई, काय लिहितेस एवढं?" ऑफिसचं, म्हटलं.

सही केलेली नाही. पाहुणे सकाळी दहाला येतात.