लंडनच्या पत्राला उत्तर

ब्राह्मणपारा, रायपूर
१२ जून २०१९

ती. दादास विजयाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. लंडनची एक कंपनी नेटवर आपल्या चांपाच्या विणकरांचं कोसा रेशीम म्हणून साड्या विकते. मी एक मागवून धागा जाळला. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. याची प्लास्टिकची गोळी झाली. हा कोसा नकली आहे, असं मी माझ्या दुकानाच्या पानावर लिहिलं. त्यांनी तिकडच्या कोर्टात बदनामीचा दावा लावला. काल कागद आला, नऊ जुलैपर्यंत उत्तर हवंय. लिहिलं मी इथे पंडरी बाजारातल्या दुकानात बसून, मग खटला लंडनला काहून? खोटी माफी मागितली, तर विणकरांना तोंड कसं दाखवू? मला फार भीती वाटते.

लोभ आहेच, वकील म्हणून सल्लाही द्यावा.
विजया

नागपूर, १९ जून

चि. सौ. विजयास आशीर्वाद.

जिथे वाचलं तिथे अब्रू गेली, असं ते म्हणणार. आपण एवढंच म्हणायचं, की तुमच्या कोर्टाला माझ्यावर अधिकार नाही. साडी खरी की खोटी, यावर एक अक्षर नको. त्यात शिरलीस की आपल्या पायांनी त्यांच्या कोर्टात उभी राहिलीस. मग तिथला निकाल रायपुरातही बजावतील. तुझी जीभ लहानपणापासून तिखट, ती तेवढी आवर.

शरच्चंद्र

रायपूर, २५ जून

ती. दादास सा. न.

जीभ मी आवरली, लेखणी यांनी नाही आवरली. कचेरीत बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, आलेल्या कागदाला आठ दिवसांत उत्तर. तुमचं पत्र यायच्या आधीच ईमेल करून मोकळे: आपले पत्र पावले, मजकूर समजला, साडी नकलीच आहे, पुढील तारीख कळवावी. खाली, विजयाकरिता नरहरी. मी चिडले तर म्हणाले, चिठ्ठीले जवाब तं द्याच लागते. तुमचं पत्र वाचल्यापासून धड जेवत नाहीत.

तुमची विजया

नागपूर, १ जुलै

चि. विजयास आशीर्वाद.

नरहररावांनी हात दाखवून अवलक्षण केलं. आता वाट एकच. शपथपत्र कर, की ते उत्तर तुला न विचारता गेलं आणि तुझ्या वतीने लिहिण्याचा नवऱ्याला अधिकार नव्हता. लिहिणं जड जाईल, पण मुदत टाळू नकोस.

शरच्चंद्र

रायपूर, ६ जुलै

ती. दादास सा. न.

शपथपत्र, आणि त्यांच्या कोर्टाला अधिकार नाही एवढंच उत्तर, काल ईमेलने लंडनला गेलं. नोटरीकडे हे सोबत आले होते. मसुदा वाचून त्यांनीच शुद्धलेखनाची एक चूक काढली. बँक, पोरांची शाळा, रेशनकार्ड, सगळीकडे माझ्याकरिता हेच लिहीत आले. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही कधी म्हटलं नाही. अधिकार नव्हता, या शब्दांखाली सही करताना हात अडेल असं वाटलं होतं. अडला नाही, दादा. आणि ते यांनी पाहिलं.

माया आहे तशीच राहू द्या, दोघांवरही.
विजया