पूर्ण ‘यस’ टाइप केलं, दादा

प्रिय दादा,

आज सकाळी आईने पुन्हा विचारलं, “त्याचा आवाज कधी लावतीस गं?” मी पुन्हा म्हटलं, “कॉम्प्युटर दुरुस्त होतोय.” साफ खोटं! हे सांगू तरी कुणाला? म्हणून तुलाच लिहितेय.

शेवटच्या आजारपणात तू आईसाठी अर्धा तास बोलून ठेवलं होतंस ना? परवा लोडशेडिंगमध्ये कॉम्प्युटर धाडकन बंद पडला आणि नंतर ती फाइल उघडेना. चालू वापरात जोडलेल्या डिस्कवर दुरुस्तीचा प्रोग्राम चालवू नये, आधी ती वापरातून वेगळी करावी, हे तू शंभरदा सांगितलं होतंस. मी तशीच चालवायला गेले.

स्क्रीनवर इशारा आला. डिस्क अजून वापरात जोडलेली आहे, आतलं सगळं बिघडेल, तरीही चालवायचं असेल तर पूर्ण ‘यस’ टाइप करा.

त्या प्रोग्राममध्ये तो इशारा तूच घातला होतास रे! आधी एक बटण दाबलं की काम सुरू व्हायचं, लोक चुकून दाबायचे. म्हणून तू तीन आठवडे त्या चार ओळींवर बसलास, तो प्रोग्राम बनवणाऱ्या परदेशातल्या कुणाकुणाशी ईमेलवर भांडलास. मी चिडवायचे, “एवढ्याशा कामाला तुला हार कोण घालणार?” तू म्हणायचास, “मने, कुणाची तरी डिस्क वाचेल.”

वाचली असेल कुणाची. मी तिन्ही इंग्रजी अक्षरं नीट टाइप केली. वाचून! आता फाइलचं नाव दिसतं, आत काही नाही. पंचवटीतला दुकानदार म्हणाला, “ताई, यातून काय निघणार नाही. फॉरमॅट मारू का?” मी डिस्क हिसकावून घेतली आणि रस्त्यात रडत उभी राहिले.

आणि तू रे? जगाच्या डिस्क सांभाळल्यास, स्वतःच्या आवाजाची एक सीडी काढून ठेवता आली नाही? जाऊ दे, तुझ्यावर कशाला ढकलू!

सगळ्यात वाईट सांगू? ते आम्ही कुणीच ऐकलेलं नव्हतं. आईला धीर होत नव्हता आणि तिच्याआधी मी कशी ऐकणार? काय बोलला होतास दादा?

आज ती फुलं विकून घरी आली की खरं काय ते सांगेन. मग ती विचारेल, “काय म्हणला व्हता गं तो?” तेव्हा तिच्या समाधानासाठी मनाने काहीतरी रचून सांगावंसं वाटेल मला. नाही सांगणार. शब्द देते.

तुझीच,
मनी