शेंदरी चेंडू

गुरुजी, मुदखेडच्या तुमच्या स्वयंपाकघरात काथवटीच्या काठावर उलथनं वाजायचं, यमाता यमाता, तो आवाज या दुष्काळात पुन्हा कानात वाजून राहिला आहे. शाळेत सगळं उर्दूतून; मराठी कविता संध्याकाळी तुमच्या चुलीपाशी. भाकरी थापता थापता तुम्ही वृत्तं शिकवायचे. पहिलं अक्षर मी भरकन उरकलं की उलथनं थांबायचं. "लघु गिळू नको लेकरा. त्याच्याच खांद्यावर गुरू उभे राहतात."

तुम्हाला हसू येईल, पण त्याच चालीवर मी म्हातारपणी गोल्फ खेळतो. लातूर जिल्हा नवा झाला, साहेबलोक आले, त्यांनी गावाकडून मागून घेतलेल्या गायरानात खड्डे खणले. हिरवळ कुठली, खड्ड्याभोवती वाळूत जळकं तेल कालवून थापलेलं. शेजारच्या निवृत्त ओव्हरसियरसाहेबांनी मला ओढून नेलं. 'य'ला काठी उचलायची, 'मा'ला वर थांबायचं, 'ता'ला सोडून द्यायची. यंदा दसऱ्यानंतर खेळ सुरू झाला आणि हात असा बसला की साहेबलोक थांबून बघायला लागले. नेमके तेव्हाच डोळे चालले. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले नांदेडचे डॉक्टर. बायको गेली, कवितेची अक्षरं पुसट झाली. माझं म्हणून जे काही सुधारत होतं ते एवढंच, गुरुजी. पांढऱ्या फटक मातीत पांढरा चेंडू दिसेना, म्हणून मी चेंडूंना तेलात कालवलेला शेंदूर फासला.

मग एका सकाळी जन्मातला सगळ्यात सुंदर फटका बसला, आणि चेंडू गडप. दुसऱ्या दिवशी तो लिंबाखाली सापडला. दगडावर मांडलेला, वर हळदकुंकू, पुढे भाकरीचा तुकडा. शेळ्या चारणारी एक बाई पदर पसरून बसली होती. आभाळातून उतरला म्हणाली, आता पाणी येतंय. ओव्हरसियर मला बाजूला घेऊन म्हणाले, "खरं सांगावं तर गाव चिडतंय, न्हाई सांगावं तर देऊळ बांधतंय. गायरान जाईल आपलं. तुम्ही येऊ नका आता." त्यांचं चूक नाही. पण तेव्हापासून मी ओसरीवर नुसता बसून असतो, रिकाम्या हातानं यमाता यमाता करत, आणि प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा धुरकट उगवतो.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? ओळी एकमेकींवर चढल्या असतील, त्याही मला दिसत नाहीत. एक मात्र सांगतो. निघताना मीही त्या चेंडूला हात जोडले. सगळा मुलूख पाण्यासाठी तडफडत असताना मी पाऊस नाही मागितला, गुरुजी. डोळे मागितले.

दारात कुणीतरी खाकरलं. शेळ्यांचा वास आला. आवाजावरून ओळखलं, तीच बाई.

"चेंडू हाय ते मला बी ठावं हाय, आबा. तो ऱ्हाऊ द्या तिथंच. दुसरा घ्या अन् चला. कुठं पडतो ते म्या बघते."