एकशे सहा, एकशे सहा आणि एक

३ मार्च
वही सापडली! ताईच्या माळ्यावर, जुन्या उशीच्या अभ्र्यात. आईला कळू नये म्हणून लहानपणी आम्ही दोघींनी केलेली खास भाषा – दोनशे तेरा शब्द, सगळे जागच्या जागी. मी छापखान्यात प्रुफं तपासते, तेव्हा याचा कोश छापायचा असं तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. दोनच प्रती. प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती देणार. ‘बोकवणे’ म्हणजे खोटं बोलणे – बोकू शिंप्यावरून, तो कायम ‘उद्या नक्की’ म्हणायचा. ताई हसून हसून पलंगावर लोळली.

५ मार्च
जिचा शब्द, तिची खूण. माझी चांदणी, ताईची फुली. मोजले – एकशे सहा, एकशे सहा. उरला एक. ‘पिलोरणे’ – भांडण झाल्यावर काही न बोलता दुसरीच्या शेजारी जाऊन बसणे. पुढे खूणच नाही! अर्थात, तो माझा आहे.

६ मार्च
ताई म्हणते, तिचा. पिलू नावाच्या मांजरीवरून म्हणे. आमच्याकडे मांजर होती कधी?

९ मार्च
फोनवर जुंपली. मी म्हटलं, तू पहिल्यापासून सगळं लाटतेस. ती म्हणाली, माझे शब्द काढून टाक कोशातून. आणि ठेवला फोन. चाळिशी उलटलेल्या दोन बायका, एका क्रियापदावरून!

१४ मार्च
पाच दिवस अबोला. तिच्याशिवाय कोश कसला? ही भाषा मी बोलू तरी कोणाशी? अजिबात करमत नाही.

१५ मार्च
रविवार, दोघी आईकडे. सोफ्याच्या दोन टोकांना, तोंडं फुगवून. काय बिनसलंय, तिनं विचारलं. सांगितलं. तिनं चष्मा लावून वही पाहिली.
“तो माझा आहे. तेव्हाही तुम्ही आठ दिवस बोलत नव्हता. घर खायला उठलं होतं मला. म्हणून घातला तुमच्या वहीत.”
वही तिनं केव्हाच पाठ केली होती म्हणे! कशावरून केलास, ताईनं विचारलं. कशावरूनही नाही, तुमच्यासारखंच काहीतरी लिहिलं, म्हणाली. आम्ही पोट धरधरून हसलो. आता तीन प्रती.

१६ मार्च
सकाळीच ताईचा फोन. “अगं, बाबांच्या वेळी... दवाखान्यात आपण तिच्यासमोर याच भाषेत ठरवलं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते आईला सांगायचं नाही.”
म्हणजे तिला सगळं कळलं होतं. तरी महिनाभर रोज विचारायची – बरे होतील ना गं? आम्ही हो म्हटलं की मान डोलवायची. आणि आम्हाला वाटायचं, आपण तिला सांभाळतोय.